मामाचा टोप आणि भाच्याची बिदागी

ताई, नमस्कार.

मी पारोळ्याचा. माझे सख्खे मामा अमळनेरला असतात. हळद असो, लग्नाचं संगीत असो की यात्रेतला ऑर्केस्ट्रा, नकला आणि निवेदनात मामांचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नाही. वाक्य त्यांचंच आहे, पण खोटं नाही. मी त्यांच्यासोबत ऑक्टोपॅड वाजवतो, गाडी चालवतो, सुपाऱ्या घेतो आणि साऊंडच्या पेट्याही उचलतो.

मामांना दिसण्याची भारी हौस. वय विचारलं की बेचाळीस सांगतात. मी चौथीत होतो तेव्हाही बेचाळीसच सांगायचे. डोक्यावर टोप आहे, पण तो टोप आहे हे घरातसुद्धा कोणी बोलायचं नाही. आणि हातातून पैसा म्हणून सुटत नाही.

या हिवाळ्यात त्यांनी तीन नामवंत मित्रांना मळ्यात भरीत पार्टीला बोलावलं. एक अहिराणी गायक, ज्यांच्या गाण्याशिवाय हल्ली कोणाची हळद उरकत नाही. दुसरे टीव्ही मालिकेत इन्स्पेक्टर असतात. तिसरे कीर्तनकार महाराज. स्वागताला मामांनी नवा फ्लेक्स केला नाही. वाढदिवसाचा जुना होता, त्यातल्या ‘वाढदिवसाच्या’वर कागद चिकटवून ‘आगमनाच्या’ केलं. फोटो वीस वर्षांपूर्वीचा. इन्स्पेक्टरसाहेब गाडीतून उतरले, फ्लेक्सखाली उभ्या मामांनाच म्हणाले, “काका, या फोटोतले भाऊ कुठे भेटतील?”

पुढे मळ्यात तर कहरच. तेल महाराजांना येताना आणायला सांगितलेलं. पुऱ्या मोजून. अंधार पडल्यावर पऱ्हाट्यांचा जाळ केला, वांगी टाकली. मामा वाकून फुंकर मारायला गेले आणि टोप जाळाच्या कडेला पडला. महाराजांनी तो वांगं समजून काडीने उलटा केला आणि म्हणाले, “हे अजून कच्चं आहे.” मामा अंधारात चाचपडत, “भो, मना टोप दखा का?” जेवणं झाल्यावर प्रत्येकी दोनशे रुपये वर्गणी मागितली. सुट्टे नाहीत म्हटल्यावर मामांनी खिशातून लॅमिनेट केलेला क्यूआर कोड काढला.

गायकांनी हे सगळं मोबाईलमध्ये घेतलं आणि इंटरनेटवर टाकून दिलं. लोकांनी डोक्यावर घेतलं. मामा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला हळूच विचारतात, “कितला लोकेसनी दखं रे?” आता तिघे मित्र मागे लागलेत की मामांवर मोबाईलसाठी मालिका करू, तेही स्वतः काम करतील. मामा म्हणतात, “मी कलाकार आहे, माझा तमाशा नको.” पण काल नव्या टोपाची किंमत विचारत होते.

मामांना तयार करू का? आणि माझे गेल्या दोन लग्नसराईंचे पैसे त्यांच्याकडे अडकलेत, ते मागू का? मामी म्हणतात, बोलू नको, नातं बिघडेल.

तुमचा, तालातला भाचा

* * *

भाचेराव,

महाराजांच्या त्या ‘कच्चं आहे’ला आधी माझा दंडवत. इतकं टायमिंग शिकवून येत नाही. त्यांना मालिकेत घ्या, काय वाटेल ते करा पण घ्या.

आता कामाचं. भरिताचं तू सविस्तर लिहिलंस, आणि दोन लग्नसराईंचे पैसे एका ओळीत उरकलेस, तेही शेवटी. माझं उत्तर उलट्या क्रमाने आहे. मालिका जरूर करा. मात्र तुझी मागची बिदागी ठरावीक हप्त्यांत मिळायला लागल्याशिवाय पहिल्या भागाचा कॅमेरा लावू नका. तुला हे दोन वेगळे प्रश्न वाटतायत. मला एकच वाटतो.

स्वतःवर खूश असलेला, कवडी न सोडणारा कलाकार आणि त्याच्या नामवंत मित्रांची होणारी फजिती, हा माल लोक फार वर्षांपासून आवडीने घेतात. अमेरिकेत जॅक बेनी नावाचे विनोदी नट होऊन गेले. जन्म १८९४ चा, शिकागोत. वाढले जवळच्या वॉकीगन गावात. १९३२ पासून रेडिओवर आणि १९५० ते १९६५ टीव्हीवर त्यांनी जवळजवळ एकच पात्र रंगवलं, आणि त्या पात्राचं नावही जॅक बेनीच. वय कायम एकोणचाळीस. (तुझे मामा तीन वर्षांनी वडीलच निघाले.) गाडी मॅक्सवेल, जिची कंपनी कधीच बंद पडलेली; तिचा खोकला आणि धाप मेल ब्लँक नावाचे नकलाकार तोंडाने काढायचे. पैसे घराखालच्या तळघरात, आणि तिथला पहारेकरी इतकी वर्षं वर आलेला नाही की जगात काय चाललंय याचा त्याला पत्ताच नाही. व्हायोलिन असं वाजवायचे की ऐकणाऱ्याने पैसे देऊन थांबवावं.

आणि शेजारी कोण, तर रोनाल्ड कोलमन. हॉलिवूडचा त्या काळचा मोठा नट. कोलमन नवरा-बायको कार्यक्रमात स्वतःच्याच नावाने यायचे आणि हा शेजारी आज काय उसनं मागायला येतोय या धास्तीत असायचे. मार्च १९४८ मध्ये कोलमन यांना ऑस्कर मिळालं. त्याच महिन्यातल्या कार्यक्रमात बेनी ते ऑस्करच उसनं मागून घरी निघाले. वाटेत चोराने गाठलं: पैसे दे, नाहीतर जीव घेतो. बेनी गप्प. गप्पच. प्रेक्षकांत खसखस सुरू झाली, वाढत गेली. चोर खेकसला तेव्हा कुठे उत्तर आलं, की विचार करतोय.

हसू कुठे पिकलं ते बघ. उत्तरावर पिकलंच, पण खरं त्या आधीच्या गप्प बसण्यात. बेनींचं कसब तिथे होतं. बोलायचं दुसऱ्याने, टाळी घ्यायची दुसऱ्याने, आणि आपण गालावर हात ठेवून लोकांकडे बघत राहायचं. तुझ्या भरिताच्या गोष्टीत नेमकं हेच झालंय. ‘काका’ हा शब्द इन्स्पेक्टरांचा, ‘कच्चं’ महाराजांचं. मामांनी एकही विनोद केला नाही आणि सगळं हसू त्यांच्यावर. स्टेजवर पंचवीस नकला करून त्यांना जे मिळालं नसेल ते टोपाने मिळवून दिलं. हे त्यांना आज पटणार नाही. माईक हातात असलेल्या माणसाला गप्प राहून हशा येतो हे पटवणं अवघडच असतं.

बेनींच्या कार्यक्रमात रॉचेस्टर नावाचा त्यांचा नोकर होता. ते काम एडी अँडरसन करायचे. मालक किती तुटपुंजा पगार देतो यावर त्याचे टोमणे ठरलेले असत आणि लोक त्यावर पोट धरून हसत. प्रत्यक्षात अँडरसन यांची गणना त्या काळातल्या सर्वाधिक मोबदला मिळवणाऱ्या कृष्णवर्णीय कलाकारांत व्हायची. फ्रेड ॲलन या दुसऱ्या विनोदी नटाशी बेनींचं वर्षानुवर्षं रेडिओवर भांडण चाललं, एकमेकांची यथेच्छ निंदा. बाहेर दोघे दोस्त. ते बेसूर व्हायोलिनही घ्या. त्याच व्हायोलिनच्या मैफली करून बेनींनी वाद्यवृंदांच्या मदतीसाठी लाखो डॉलर जमवले. हॉटेलात गेले की वेटरला टीप सढळ हाताने द्यायचे, कारण कमी दिली असती तर लोकांना ती गोष्ट खरीच वाटली असती. वॉकीगन गावाने पुढे एका शाळेला त्यांचं नाव दिलं, आणि तिथल्या खेळाडूंच्या संघाचं नाव काय, तर ‘एकोणचाळीसवाले’.

पगार न मिळालेल्या नोकरावर आपण तेव्हाच मोकळेपणाने हसतो, जेव्हा त्याला पगार मिळालेला असतो. तुझ्या मामांच्या मालिकेत तू ऑक्टोपॅडवर बसून ‘माझे पैसे कधी देता?’ असा ताल धरशील, लोक हसतील, आणि तुला मात्र हसू येणार नाही. कॅमेऱ्यात ते दिसतं. गायक, इन्स्पेक्टर आणि महाराज का चिडले नाहीत? दोनशे रुपयांनी त्यांचं काही अडत नव्हतं म्हणून. तुझं अडतंय.

हे सांगायला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही म्हणा. तमाशातला सोंगाड्या बघ. भर दरबारात राजाची फिरकी घेतो, मावशीचे टोले खातो, स्वतःचा पुरता पोपट करून घेतो. पण दसऱ्याला फड बाहेर पडायच्या आधी त्याची उचल त्याच्या घरी पोचलेली असते. कनातीतली थट्टा थट्टाच राहते ती त्यामुळे.

मामांच्या बाजूनेही एक सांगते, कारण तू पत्रात ते लिहिलं नाहीस आणि बहुतेक तुझ्या लक्षातही आलं नसेल. हळदी-लग्नांवर जगणाऱ्या कलाकाराचं पोट तिथीवर असतं. आषाढ लागला, चातुर्मास सुरू झाला की सुपाऱ्या आटतात. मध्ये गणपती येतात तेवढाच आधार. २०२० आणि २०२१ ची लग्नसराई तर टाळेबंदीतच गेली. त्या दोन वर्षांत ज्याने घरातली डाळ मोजून वापरली, त्याची मूठ पुढे उघडता उघडत नाही. फ्लेक्सवर कागद चिकटवणारा माणूस मुळात कंजूष असतो असं नाही, घाबरलेलाही असतो. पण भीती त्यांची आणि भुर्दंड तुला, हा कुठला न्याय? ते साऊंडवाल्याला उधार ठेवत नसतील, कारण तो दुसऱ्या दिवशी पेट्या घेऊन जाईल. तू जात नाहीस म्हणून तुझे राहतात.

तर मागायचे कसे. जेवताना नाही, मामींसमोर नाही, आणि व्हॉट्सॲपवर तर अजिबात नाही. एका कागदावर गेल्या दोन सीझनचे कार्यक्रम लिही: तारीख, गाव, कोणाची हळद, तुझे किती ठरले होते, किती मिळाले. बेरीज खाली लिही, व्याज लावू नकोस, टोमणा मारू नकोस. कागद हातात दे आणि सांग, “मामा, हे एकदम नको. येत्या सीझनला दर कार्यक्रमामागे थोडे थोडे फेडा.” चिकट माणसाला मोठी रक्कम ऐकली की धाप लागते, हप्ता ऐकला की तो हिशेब करू लागतो. आणि हिशेब करू लागला म्हणजे देणं मान्य झालं.

पुढच्या सुपाऱ्यांचं मात्र आतापासून बदल. सुपारी घेतोस तू, म्हणजे पावती तुझ्या हातात आहे. त्यावर निवेदन-नकला एवढे, ऑक्टोपॅड एवढे, गाडी-डिझेल एवढे, असं वेगवेगळं लिहायला लाग. इसार आला त्याच दिवशी त्याच प्रमाणात वाटून टाक. हळदवाल्या घराला यात काही गैर वाटत नाही, उलट चोख काम वाटतं. मामा कुरकुरतील. कुरकुरू दे.

त्यांची मिरवायची हौस आहे ना, ती इथे वापर. अक्षय तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या, कार्यक्रमात स्टेजवर मामांनी वादकांना बिदागीची पाकिटं द्यायची, निवेदन गायकांनी करायचं, फोटो काढायचे, फ्लेक्सवर टाकायचे. वीस वर्षांपूर्वीचा फोटो नाही, त्या दिवसाचा. दातृत्वाचा असा सोहळा मामा सोडणार नाहीत. पाकिटात काही आहे ना, एवढं स्टेजवर चढायच्या आधी बघून घे.

हे मार्गी लागलं की मालिका. मामांना तयार करायला फार काही लागणार नाही, ते तयारच आहेत. ज्याने ‘किती लोकांनी पाहिलं’ विचारलं आणि टोपाचा भाव काढला, त्याने होकार दिलेला आहे. फक्त कोणीतरी तिघांनी मिळून आग्रह करावा एवढीच अपेक्षा आहे. आग्रह करा. मात्र एक गोष्ट गायकांना माझ्यातर्फे सांग: पहिला व्हिडिओ विचारल्याशिवाय टाकला ते बरं झालं नाही. लोक हसले म्हणून ते योग्य ठरत नाही. माणूस दोन दिवस जेवला नाही. टोप दाखवायचा की नाही, दाखवला तर किती वेळा, हे इथून पुढे मामा ठरवतील. त्यांनी स्वतः ठरवून टोप काढला तर तो विनोद, दुसऱ्याने ओढला तर ती बेअब्रू.

आणि कागद करा. चॅनल कोणाच्या नावावर, जाहिरातीचे पैसे कोणाच्या खात्यात येणार, ते कोणात कसे वाटणार. मित्र-मित्र म्हणून हे राहून जातं आणि पुढे तेच मित्र पोलीस ठाण्यात दिसतात, मालिकेतल्या नाही, खऱ्या. कॉपीराइट कायदा १९५७ चा असला तरी २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यात कलाकाराच्या बाजूने बरंच काही आहे. साधारण असं: कलाकाराने चित्रीकरणाला लेखी संमती दिली की, करारात वेगळं काही नसेल तर, त्याला पुढे त्या चित्रीकरणाच्या वापराला आडकाठी करता येत नाही, पण व्यापारी वापर झाला तर मोबदल्यावर त्याचा हक्क राहतो. म्हणून सही करायच्या आधी वाचायचं, मामांनीही आणि तूही. अमळनेर कोर्टाबाहेर एखाद्या वकिलाला तासभराची फी द्यायला लागेल. ती मामांना द्यायला लावा आणि तेही शूट करा.

लिहिताना मालिका अहिराणीतच ठेवा. ‘भो, मना टोप दखा का’ हे पुणेरी मराठीत म्हणून बघ, काही राहत नाही. आणि प्रत्येक भागात मामांनी जिंकायला जायचं आणि हरून यायचं. चौघे ढाब्यावर बसलेत, मामांनी एक शेवभाजी मागवून तिसऱ्यांदा रस्सा वाढून घेतलाय, बिल आल्यावर म्हणतात, “मालक, एवढे मोठे कलाकार आलेत, यांचा फोटो भिंतीला लावा, बिलाचं राहू द्या.” मालक म्हणतो, “फोटो यांचा लावतो, बिल तुम्हाला लावतो.” सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा सौदा करायला जातात, खरं तर घोड्यावर बसून फुकट फोटो हवा असतो, व्यापारी पटकन ‘दिला’ म्हणून मोकळा होतो आणि आता घोडा गळ्यात. जळगावच्या सराफ बाजारात ओळखीच्या नट्यांना घेऊन जायचं आणि स्वतःची एकच अंगठी दर दुकानात वजन करून घ्यायची. असे प्रसंग तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील, तू तर रोज गाडी चालवतोस.

दोन गोष्टी टाळा. गरिबीवर हसू नका. पैसा असून न देणारा हसण्याजोगा, नसलेला नाही. आणि भागाच्या शेवटी मामा सुधारले, सगळ्यांना जेवण दिलं, असं काही करू नका. बेनी इतकी वर्षं सुधारले नाहीत म्हणून चालले.

राहता राहिल्या मामी. त्या ‘बोलू नको’ म्हणतात ते घाबरून, आणि त्यांना घरातल्या पैशाचा आकडा माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. कागद मामांना द्यायच्या आदल्या दिवशी त्यांना दाखव. गुपचूप. त्या काही म्हणणार नाहीत, पण मामांनी रात्री विषय काढला तर कोणत्या बाजूने गप्प बसायचं ते त्यांना कळलेलं असेल. मालिकेतही त्यांना एक काम दे. संवाद लिहू नकोस. मामांनी पाकीट काढलं की त्यांनी फक्त मामांकडे बघायचं. एवढ्याचे त्यांना पैसे द्या, आणि पावतीवर त्यांची ओळ वेगळी लिहा.

तुझी,
ताई